कडा कापलेल्या पुड्या

गुरुवार, सहा नोव्हेंबर. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी फुमिएच्या एप्रनच्या खिशातला फोन थरथरला. ती छापखान्याच्या तपासणी खोलीत, खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलाशी उभी होती आणि समोर खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांचा एक न कापलेला ताव पसरलेला होता. कामाच्या वेळी फोन घ्यायचा नाही हा इथला नियम. पण वडील रुग्णालयात गेल्यापासून मुकादमाने तिला तेवढी सूट दिली होती. ती बाहेर जिन्यात आली. फोन रुग्णालयाचा नव्हता. मिझुगामी दवाखान्याच्या खिडकीवर बसणाऱ्या निशिदेबाईंचा होता. वीस वर्षं वडिलांचं नाव पुकारणारा तोच आवाज.

"फुमिए-सान, कामात आहात ना? दोनच मिनिटं. वडील कसे आहेत?"

"आहेत. बरे आहेत."

"थंडी पडायला लागली. जपा हं. एक विचारायचं होतं. सोळा तारखेला तुम्ही त्यांचं औषध घेऊन गेलात ना, तेव्हा ते घरीच होते?"

फुमिए खिडकीकडे वळली. जिन्याच्या खिडकीतून तातेयामाचा डोंगर दिसत होता, वरचा तिसरा हिस्सा पांढरा.

"नाही, म्हणजे काय झालं, रुग्णालयाकडून आमच्या डॉक्टरांना पत्र आलंय, जुनी माहिती मागवायला. त्यात लिहिलंय, दाखल दहा ऑक्टोबर. मी म्हटलं, लिहिताना चूक झाली असेल. त्यांची." 'त्यांची' हा शब्द निशिदेबाईंनी जरा पुढे सरकवून ठेवला, चहाचा कप पाहुण्याकडे सरकवावा तसा. "दहा तारखेला आमचे महिन्याचे क्लेम विम्याकडे जातात. तोवर सांगाल का?"

"सांगते," फुमिए म्हणाली. "त्रास झाला तुम्हाला." फोन बंद झाल्यावर ती आत जाऊन पुन्हा टेबलाशी उभी राहिली. तावावर चोवीस खोकी होती. प्रत्येकावर बॅचचा क्रमांक आणि मुदतीची तारीख छापायला जागा सोडलेली होती, आणि ती जागा रिकामीच आहे ना, तिथे शाईचा ठिपकादेखील पडलेला नाही ना, हे बघणं हे तिचं काम होतं. सव्वीस वर्षं ती हे करत होती. तिने चोवीस जागा बघितल्या. मग लक्षात आलं की आपण काहीच बघितलं नाही, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

नियम तिला माहीत नव्हता असं ती म्हणू शकली नसती. वडिलांना दाखल केलं त्या दिवशी सही-शिक्क्यासाठी जे कागद दिले होते त्यांत चौदावं कलम होतं: रुग्ण इथे दाखल असताना इतर दवाखान्यांतून, नातेवाइकांमार्फतही, औषध घेऊ नये, गरज असल्यास आधी इथल्या कर्मचाऱ्यांना विचारावं. बाकीचे लोक असे कागद न वाचता शिक्का मारतात. फुमिएने वाचले होते. विसाव्या कलमात एक अक्षर चुकीचं छापलं होतं तेही तिला आठवत होतं. रुग्णालयात असलेल्या माणसाच्या औषधांचा भार रुग्णालयावर, आणि रुग्णालयाला ते विम्याकडून मिळतं. त्याच दिवसाचं औषध दुसरीकडून त्याच विम्यावर घेतलं की कुठेतरी कुणाच्या तरी कागदावर एक माणूस दोन ठिकाणी उभा दिसतो. दहा ऑक्टोबरपासून तिचे वडील, तोकुजी, आडनाव याची, वय चौऱ्याऐंशी, नदीपलीकडच्या रुग्णालयाच्या पाचव्या मजल्यावर पडून होते. आणि सोळा ऑक्टोबरला विम्याच्या हिशेबी ते मिझुगामी दवाखान्याच्या खुर्चीतही बसले होते.

रोग स्वादुपिंडाचा होता आणि त्याच्याबद्दल आता कुणी फारसं बोलत नव्हतं. कंपवात जुना, अकरा वर्षांचा. त्यावर वडील दिवसातून तीन वेळा एक छोटी फिकट गोळी घेत, आणि ती घेतल्यावर तासाभराने त्यांचे हात त्यांचे स्वतःचे होत. दहा तारखेला घरात जेवढ्या पुड्या होत्या तेवढ्या फुमिएने सोबत नेल्या. त्या तेराच्या संध्याकाळी संपल्या. चौदाला दवाखान्याची नेहमीची तारीख होती, पण ती आता कुणाच्या कामाची राहिली नव्हती. चौदाच्या सकाळी पाचव्या मजल्यावरच्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं, "तीच गोळी आमच्याकडे नसते. त्याच प्रकारातली दुसरी आहे, ती देतो." चौदाच्या दुपारी वडिलांची मान उजवीकडे वळली ती वळलेलीच राहिली. पंधराला जबडा आवळला. नूडल्सच्या वाडग्यासमोर त्यांचा हात चॉपस्टिक्सवर नुसता ठेवलेला होता, दुकानाच्या काचेत ठेवलेला असावा तसा. नर्सने चमचा आणला आणि म्हणाली, "आऽ करा आजोबा. मोठ्ठा आऽ." ती चांगली मुलगी होती. वडिलांनी तोंड उघडलं नाही, कारण त्यांना उघडता येत नव्हतं. नर्सला वाटलं ते रुसलेत. "आजोबा रागावलेत वाटतं आज," ती फुमिएकडे बघून हसली. फुमिएही हसली. ते हसणं तिला नंतर कितीतरी दिवस गालांवर वाळलेल्या डिंकासारखं जाणवत राहिलं.

सोळाच्या सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी डॉक्टर दाराशी आले. आत आले नाहीत. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. त्यांच्यामागे दोन जण वह्या घेऊन थांबले होते. फुमिएने वाक्य तयार ठेवलं होतं. रात्रभर ते तिने तपासलं होतं, शब्द कमी केले होते. यांना जुनीच गोळी हवी आहे, मागवता येईल का? एवढंच. "काही अडचण?" डॉक्टरांनी विचारलं. तिने उठून कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "तुमच्यामुळे सगळं नीट चाललंय. आभारी आहे." डॉक्टर गेले. तिला स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं नाही. आईच्या वेळीही असंच झालं होतं. शाळेत, छापखान्यात, लग्न मोडलं त्या बैठकीत, जिथे जिथे काही मागायचं होतं तिथे तिच्या तोंडून आभार बाहेर पडले होते. घाई असलेल्या माणसाला थांबवून आपल्याला काहीतरी हवं आहे असं सांगणं हे तिला कपडे न घालता रस्त्यावर उभं राहण्यासारखं वाटे. त्यापेक्षा अर्ध्या दिवसाची रजा टाकून ट्रामने शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणं सोपं होतं. साडेदहाला ती मिझुगामी दवाखान्यात होती. "वडिलांना चालवत नाही, म्हणून मी आले," ती म्हणाली. यातला एकही शब्द खोटा नव्हता. मिझुगामी डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं, "हो, आता थंडीत आणखी आखडतील. सहा आठवड्यांचं देतो," म्हणाले. शेजारच्या औषधांच्या दुकानात यंत्रातून पुड्यांची लांब पट्टी निघाली, एकशे सव्वीस पुड्या, एकीला एक चिकटलेल्या, प्रत्येकीत एक गोळी. प्रत्येक पुडीवर वर नाव: याची तोकुजी. मध्ये वेळ: सकाळ, दुपार, संध्याकाळ. आणि अगदी खालच्या कडेला, बारीक अक्षरात, दिल्याची तारीख.

त्या संध्याकाळी घरी, जेवायच्या टेबलावर, नखं कापायच्या कात्रीने तिने एकशे सव्वीस कडा कापल्या. कात्री चिकटवलेल्या रेषेच्या आत गेली तर पुडी उघडेल, बाहेर राहिली तर तारीख शिल्लक राहील. मधली जागा दोन मिलिमीटर. अशा कामात तिचा हात कोणी धरू शकला नसता. कापताना तिला काहीच वाटलं नाही, फक्त एवढंच की आपण हे चांगलं करतो आहोत. दुकानाने औषधांच्या नोंदवहीत चिकटवायला दिलेली, तारीख छापलेली चिठ्ठी तिने पाकिटात घडी करून ठेवली. सतराच्या सकाळी पट्टी रुग्णालयाच्या फार्मासिस्टच्या हातात दिली. त्याचं नाव हानेदा. पंचेचाळिशीचा, हळू बोलणारा, घरून आणलेली औषधं रुग्णाच्या उशाशी येऊन तपासणारा माणूस. "घरी दुसऱ्या खणात सापडल्या," फुमिए म्हणाली. हानेदाने पट्टी उजेडाकडे धरली. बोटाने कड चाचपली. मग मोजायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत मोजून म्हणाला, "एकशे सव्वीस. मिळाल्या." काहीतरी लिहिलं आणि गेला. दुपारी एक वाजता वडिलांनी चहाचा कप उचलला. दोन्ही हातांनी, डगडगत, पण स्वतः. एक घोट घेतला आणि म्हणाले, "पाणी आहे हे. याला चहा म्हणतात इथे?" चौदा तारखेनंतरचं ते त्यांचं पहिलं वाक्य.

वडील औषधं विकणारे होते. दुकानात नाही; दारोदार. भातलावणीआधी आणि कापणीनंतर, वर्षातून दोनदा, डोंगर ओलांडून शिन्शूच्या खोऱ्यात जायचे, आणि प्रत्येक घरात औषधांची एक लाल पेटी ठेवायचे. तापाची, पोटाची, डोक्याची, मुलांच्या कृमींची. पैसे त्या वेळी घ्यायचे नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा जायचं, पेटी उघडायची, जे वापरलं तेवढ्याचे घ्यायचे, मुदत उलटलेलं काढून नवं ठेवायचं. दोनशे बारा घरं. कोणत्या घरात कोण आहे, कुणाला काय होतं, सगळं वहीत. आणि वही विकून सत्तावीस वर्षं झाली तरी सगळं डोक्यात. गोळी लागू पडल्यावरच्या दुपारच्या दोन तासांत ते आता त्या खोऱ्यातून चालत होते. "पुलाच्या अलीकडे तीन घरं. पहिल्यात म्हातारी, पोटाची पावडर संपवायची, जावयाच्या नावावर टाकायची. दुसऱ्यात शिक्षक..." फुमिए रोज संध्याकाळी छापखान्यातून येई तेव्हा शेजारच्या खाटेवरचा माणूस सांगे, "आज तुमचे वडील नदीच्या वरच्या गावापर्यंत पोचले." त्या रांगेतलं एक घर ते दर वेळी गाळत. लाकूड कापायच्या गिरणीवरचं. ते घर फुमिएला माहीत होतं. ती दहा वर्षांची असताना जेवणाच्या वेळी वडील शिस्त म्हणजे काय हे शिकवायला त्या घराची गोष्ट सांगत.

एकोणतीस ऑक्टोबरला सातव्या मजल्यावर बोलावलं होतं. तिथे बरं करण्याचा प्रयत्न होत नाही. फक्त दुखू देत नाहीत. खिडक्या मोठ्या आहेत आणि दारांना कुंड्या. मुख्य नर्स सुगिनो यांनी दोघांना चहा दिला (हा चहा होता, वडिलांनी मान डोलावली) आणि नियम सांगितले. विमा या वॉर्डाला रोजची एक ठरलेली रक्कम देतो. खाट, तपासण्या, इंजेक्शनं, औषधं, सगळं त्यात. एक गोळी दिली काय नि दहा दिल्या काय.

वडिलांनी मान पुढे केली. "म्हणजे खाल्लं तरी तेवढंच, नाही खाल्लं तरी तेवढंच?"

"हो, तसंच."

"हा धंदा यांना कोणी शिकवला?" वडील फुमिएला म्हणाले. "मग पेटी भरेल कोण?"

सुगिनो हसल्या. "दुखण्यावरची औषधं हवी तेवढी मिळतील, याची-सान. त्यात हात आखडता घेत नाही. बाकीची तुमची नेहमीची औषधं मात्र घरी असतील तेवढी घेऊन या."

"आणि ती संपली की?"

"तेव्हा डॉक्टर ठरवतील. आमच्याकडे त्यासारखं दुसरं आहे."

वडिलांनी कप खाली ठेवला. तो बशीवर बरोबर बसला. नंतर बाहेर, कुंड्यांच्या ओळीपाशी, त्या वॉर्डाचे डॉक्टर कुमाकी यांनी फुमिएला बाजूला घेतलं. "महिन्याभराचा विचार करा," ते म्हणाले. "थोडं कमी-जास्त." खाट दहा नोव्हेंबरला, सोमवारी, रिकामी होणार होती. ती कशी रिकामी होणार हे कुणी विचारलं नाही. फुमिएने वाकून आभार मानले. आणि परतीच्या ट्राममध्ये, पुलावर, एका बाजूला नदीचं करडं पात्र असताना, तिने दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, जशी ती खोक्यावरची आणि आतल्या पत्रकावरची तारीख ठेवून बघते. पुड्या सत्तावीस नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपतात. महिना एकोणतीसला होतो. थोडं कमी-जास्त. दोन दिवसांचा फरक. जुळतं, असं तिच्या मनात आलं. इतकं साधं आलं, तावावर खूण करावी तसं, की दोन थांबे जाईपर्यंत काय जुळतं आहे हे तिला कळलं नाही. कळल्यावर ती तिचा नव्हता त्या थांब्यावर उतरली आणि उरलेली वाट चालत गेली. काय जुळावं अशी आपली इच्छा आहे, हे ती चालताना स्वतःला विचारत नव्हती. फक्त पावलं मोजत होती.

आता सहा नोव्हेंबरला, फोननंतर, काचेच्या टेबलापाशी तिला सगळ्यात आधी भीती वाटली ती खाटेची. खोटं बोलणाऱ्या घराला सातव्या मजल्यावर घेतील का? मग निशिदेबाईंची: त्यांनी पुढे सरकवलेला कप उचलला, म्हणजे तारीखच चुकली असं म्हटलं, तर चूक रुग्णालयाची ठरते, आणि त्याचा जाब कदाचित हानेदाला द्यावा लागतो. मग मिझुगामी डॉक्टरांची, ज्यांनी वीस वर्षांत एकदाही तिला संशयाने विचारलं नव्हतं. आणि या सगळ्यांच्या खाली, तळाशी, पासष्ट पुड्या. आज दुपारपासून सत्तावीसच्या संध्याकाळपर्यंत. त्या काढून घेतल्या तर? नियमाबाहेर आलेलं औषध देता येत नाही, असं कोणी म्हणालं तर? उद्या दुपारी पुन्हा वळलेली मान. पुन्हा 'आऽ करा आजोबा'. त्या दिवशी तिने दोन ताव चुकीचे पास केले. मुकादमाने ते परत आणून ठेवले.

शुक्रवारी दुपारी ती तळमजल्यावर, औषध विभागाच्या खिडकीपाशी गेली आणि हानेदाला बोलावून घेतलं. पाकिटातली चिठ्ठी काढून त्याच्यासमोर ठेवली. सोळा ऑक्टोबर, छापील. "खणात सापडल्या नव्हत्या," ती म्हणाली. "मी जाऊन आणल्या. वडिलांना दाखल केल्यावर."

हानेदाने चिठ्ठी वाचली. मग संगणकावर काहीतरी उघडलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. सतरा ऑक्टोबरची नोंद होती, त्याने केलेली. आणलेली औषधं: एकशे सव्वीस पुड्या. गोळी तपासली, बरोबर. पुड्यांच्या खालच्या कडा कापलेल्या आहेत.

"तुम्हाला माहीत होतं," फुमिए म्हणाली.

"मला एवढंच माहीत होतं की कडा कापलेल्या आहेत. ते लिहिलं. का, ते विचारलं नाही." त्याने पडदा परत स्वतःकडे वळवला. "चौदा-पंधरा तारखेला मी वर आलो होतो तेव्हा तुमच्या वडिलांना पाहिलं होतं."

"मग आता?"

"आता मला लेखा विभागाला सांगावं लागेल. आम्हीच दवाखान्याला हे औषध द्यायला सांगितलं होतं असं दाखवता येत नाही, कारण सांगितलं नव्हतं. त्यांचा क्लेम बसत नाही. कदाचित तुम्हाला त्या गोळ्यांची पूर्ण किंमत द्यावी लागेल."

"ते देईन. गोळ्या?"

"गोळ्या चांगल्या आहेत. मी त्या थांबवा असं लिहिणार नाही. पण वर कोणी विचारलं तर खरं तेच सांगेन." मग त्याने आवाज आणखी खाली आणला. "याची-सान, सत्तावीसनंतरचं कुमाकी डॉक्टरांना विचारलंत?"

"ते म्हणाले, तेव्हा बघू."

"त्यांनी आपणहून म्हटलं, की तुम्ही मागितलंत?"

फुमिएने समोरची चिठ्ठी सरळ केली. डॉक्टरांना तिने काहीच विचारलं नव्हतं. 'डॉक्टर ठरवतील' हे सुगिनोंचं वाक्य होतं. 'तेव्हा बघू' हे तिने स्वतःच त्यातून करून घेतलं होतं. "ही गोळी आम्ही मागवू शकत नाही असं नाही," हानेदा म्हणाला. "त्या वॉर्डात ती ठरलेल्या रकमेतूनच द्यावी लागते, म्हणून कोणी आपणहून म्हणत नाही. डॉक्टरांनी लिहावं लागतं, अमुक माणसासाठी, अमुक कारणाने. आणि त्यासाठी कुणीतरी मागावं लागतं."

रविवारी वडील चांगले होते. दुपारी दोन वाजता त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला मासूझुशी, म्हणजे दाबलेल्या भातावरचा मासा, कोणत्या दुकानाची घ्यावी यावर दहा मिनिटं सुनावलं. मग पडदा ओढायला सांगितला. फुमिएने ओढला. उशीशेजारच्या छोट्या पेल्यात दुपारची रिकामी पुडी पडलेली होती. वडिलांनी ती उचलली आणि अंगठ्याने खालची कड चाचपली.

"ही कड कोणी कापली, फुमी?"

तिने पेल्याकडे बघितलं.

"तुझंच काम. एवढं सरळ दुसऱ्या कुणाला कापता येणार नाही." त्यांनी पुडी उजेडात धरली. "मी छत्तीस वर्षांत तारीख नसलेली पुडी कुणाच्या घरात ठेवली नाही. एकदाही नाही. पहिल्या दिवशीच हाताला लागलं मला, सतराला."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"कप उचलता येत होता." त्यांनी पुडी पेल्यात टाकली. "कोण बोलेल?"

त्यांनी डोळे मिटले. फुमिएला वाटलं झोपले. मग ते म्हणाले, "गिरणीवरचं घर तुला माहीत आहे ना? मी सांगायचो ते?"

"नवरा जाणार होता. त्या घरातली पेटी तुम्ही उचलून आणलीत."

"मालकाचा नियम होता. जिथे माणूस जायला टेकलाय तिथे नवा माल ठेवायचा नाही. तो वापरला जातो भराभर, आणि नंतर मागायचं कुणाकडे? मी एकतीस वर्षांचा होतो. पोटाचा रोग त्याला, आणि बायकोने वेदनेच्या सगळ्या पावडरी संपवलेल्या. आपली पावडर काय, डोकं दुखलं तर घ्यायची. त्या रोगाला काय होणार तिने. पण बायको देत होती. दोन-दोन, तीन-तीन. मी पेटी उघडली, वापरलेलं वहीत लिहिलं, आणि पेटी कपड्यात बांधली. आतल्या खोलीतून तो ओरडत होता. तुला मी हे सांगितलं नव्हतं कधी." त्यांनी ओठ ओले केले. "ती काही बोलली नाही. मागितलंच नाही तिने. दारापर्यंत आली, एवढी वाकली, आणि म्हणाली, एवढ्या लांब येता, आभार. वाटेत खायला मुळ्याचं लोणचं बांधून दिलं. खिंडीच्या वर बसून मी ते खाल्लं. चांगलं झालं होतं."

पडद्यापलीकडे कुणीतरी टीव्ही लावला. कुस्ती चालू होती. फुमिएचे हात मांडीवर होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती. एवढी वाकली. तिला ते वाकणं माहीत होतं, किती अंशांचं, मान कुठे असते, डोळे कुठे. दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या असलेल्या माणसासमोर ती स्वतः तसंच वाकली होती.

"सत्तावीसला संपतात ना या?" वडिलांनी विचारलं. "मी मोजलंय."

"हो."

"बघतो," ते म्हणाले. "तेवढ्यात उरकतं का." ते हे सहज म्हणाले, गाडीची वेळ सांभाळायची असावी तसं. कुणाला अडचण नको, म्हणून. आणि फुमिएला कळलं की पुलावर तिच्या मनात जे आलं होतं ते त्यांच्याही मनात आलेलं आहे, आणि त्यांनी ते तिच्यासाठी आधीच कबूल करून टाकलेलं आहे. "बाबा, काहीतरी बोलू नका," ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की टीव्हीचा आवाज खाली आला. वडील हसले. बहुधा हसलेच, त्यांच्या चेहऱ्यावर आता हसणं ओळखायला सरावाची नजर लागे.

सोमवारी, दहा नोव्हेंबरला, सकाळी साडेअकरा वाजता खाट लिफ्टने सातव्या मजल्यावर नेली. बाहेर गारांसारखा काहीतरी पाऊस पडत होता आणि डोंगर दिसत नव्हते. दुपारची पुडी नव्या खोलीत दिली. तीन वाजून वीस मिनिटांनी डॉक्टर कुमाकी आले. ते दाराशी थांबले नाहीत, आत आले, वडिलांच्या उशाशी वाकले, दुखतं का विचारलं. वडील म्हणाले, चहा बरा आहे. जाताना डॉक्टरांनी फुमिएकडे बघितलं. "काही अडचण?"

ती उठली. सवयीने कंबर वाकायला लागली आणि अर्ध्यावर तिने ती थांबवली. त्यामुळे ती एका विचित्र कोनात उभी राहिली, काहीतरी खाली पडलेलं शोधत असल्यासारखी. "सत्तावीस तारखेनंतर," ती म्हणाली, आणि आवाज फुटला, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "यांच्याकडे ज्या गोळ्या आहेत त्या सत्तावीसच्या संध्याकाळी संपतात. त्यानंतरही हीच गोळी हवी आहे. दुसरी नको. चौदा आणि पंधरा ऑक्टोबरला काय झालं ते पाचव्या मजल्याच्या नोंदीत असेल. या गोळ्या मी दवाखान्यातून आणल्या, नियम मोडून, तेही तिथे लिहिलेलं आहे. पण हीच हवी. मागवा."

सुगिनो कुंडीतलं एक सुकलेलं पान काढत होत्या. त्यांनी ते हातातच ठेवलं. वडिलांनी डोळे मिटले होते. डॉक्टर कुमाकींनी खिशातून वही काढली, काहीतरी लिहिलं, आणि कदाचित ती अजून अर्धवट वाकलेली होती म्हणून, कदाचित आणखी कशाने, स्वतःही किंचित वाकले. "वॉर्डात बोलतो," ते म्हणाले. "आज हो म्हणता येणार नाही." मग गेले.

चार वाजायला पाच मिनिटं असताना निशिदेबाईंचा फोन आला. फुमिए खिडकीपाशी गेली. शुक्रवारी संध्याकाळीच तिने त्यांना खरं सांगितलं होतं, आणि त्यावर त्या फक्त "असं होय" म्हणाल्या होत्या. आता म्हणाल्या, "बाकीचे सगळे क्लेम गेले. तुमच्या वडिलांचा कागद मी या महिन्यात मागे ठेवला. पुढच्या दहा तारखेला बघू. तोवर रुग्णालयाचं काय ठरतं ते कळेल." मग, "डॉक्टर मिझुगामी विचारत होते, हात कसे आहेत त्यांचे?"

"आज कप उचलला," फुमिए म्हणाली.

चार वाजून दहा मिनिटांनी सुगिनोंनी उशाजवळचा खण उघडला आणि पट्टी बाहेर काढली. या वॉर्डात औषध आत घेताना नातेवाइकासमोर मोजतात. त्या मोठ्याने मोजत होत्या, फुमिए मनात, आणि वडील, डोळे मिटलेले, ओठ हलवून. तिघांचा आकडा एकच आला. बावन्न. सुगिनोंनी तो कागदावर लिहिला, खाली फुमिएने शिक्का मारला, आणि शेऱ्याच्या रकान्यात, तिने न सांगता, त्यांनी लिहिलं: कडा कापलेल्या. लेखा विभागाचा फोन आलेला नव्हता. डॉक्टर कुमाकी अजून वॉर्डातच होते.